सीमेवरचा डफ

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्रात दोन तरुण गायकांवर पाठोपाठ गुन्हे नोंदले गेले. राज मुंगासे या तरुणाने राजकीय पक्षांतरावर एक गाणे रचले होते. त्यात नाव कोणाचेच नव्हते. परंतु ‘खोके’ हा शब्द होता, आणि ऐकणाऱ्यास तेवढा पुरेसा होता. अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात त्याविषयी तक्रार गेली. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे याच्या गाण्यावरून वडाळ्यात गुन्हा दाखल झाला. दोघेही ज्याला ‘रॅप’ म्हणतात त्या प्रकारचे गायक. पाठीशी कोणी धनिक कंपनी नाही, साथीला वाद्यवृंद नाही. यंत्रातून उमटणारा ठेका, स्वतःचे शब्द आणि खिशातला फोन एवढ्या भांडवलावर ही मंडळी आपले म्हणणे लाखो लोकांपर्यंत पोहोचवितात.

या प्रकाराकडे पाहून काही जाणत्यांनी नाके मुरडली, तर काहींनी ‘आजचे शाहीर’ म्हणून त्यांस डोक्यावर घेतले. मला या दोन्ही प्रतिक्रियांत थोडी घाई दिसते. शाहीर ही पदवी स्वस्त नाही. आणि नाक मुरडणाऱ्यांना हे ठाऊक नसते की, ज्या शाहिरांची नावे आज आपण रस्त्यांना आणि सभागृहांना देतो, त्यांच्या गाण्यावरही त्यांच्या काळी बंदीच होती. तेव्हा निषेधाचे गाणे म्हणजे काय, ते कोणाच्या वतीने बोलते आणि कोणाला गप्प ठेवते, हे पाहावयाचे असेल तर एका प्रदेशाचा इतिहास चाळणे बरे. तो प्रदेश म्हणजे बेळगाव, खानापूर आणि निपाणीचा सीमाभाग. सरकारी दप्तरात २०१४ पासून बेळगावचे ‘बेळगावी’ झाले आहे. येथे मी जुनेच नाव वापरतो, कारण ज्या गाण्यांविषयी लिहावयाचे ती त्याच नावाने गायिली गेली.

या प्रदेशात गाण्याने सत्तेला जाब विचारण्याची रीत भाषिक वादाहून कितीतरी जुनी आहे, आणि ती एका भाषेची नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी जानेवारी १८३१ मध्ये नंदगड येथे फाशी दिले. त्याच्या बंडाची कथा पुढे कानडी लावणीकारांनी गावोगाव नेली. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी आणि शिलालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी अशा काही कानडी लावण्या मिळवून ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापल्या. त्यांत रायण्णाची लावणी आहे, १८५७ साली हत्यारे खाली ठेवण्यास नकार देणाऱ्या हलगलीच्या बेडरांची लावणी आहे. आणि मौज अशी की, सरकारने नव्याने बसविलेल्या आयकरावरचीही एक आहे. ज्या राजवटीचा कर, तिच्याच अधिकाऱ्याने त्या कराविरुद्धचे गाणे जपून ठेवावे, हा योग वारंवार येत नाही.

ज्या नंदगडात रायण्णाची समाधी आहे, ते गाव पुढे महाराष्ट्राने मागितलेल्या गावांच्या यादीत आले. हे लक्षात ठेवले म्हणजे ‘आमचा इतिहास’ आणि ‘त्यांचा इतिहास’ अशी कुंपणे घालताना हात थोडा अडखळतो. कानडीत ‘लावणी’ हा शब्द आहे तसाच मराठीतही आहे. मराठी शाहिराच्या हाती डफ आणि साथीदाराच्या हाती तुणतुणे, तर कानडी गीगी पदे गाणाऱ्यांच्या हातीही तीच जोडी. मराठीत कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. उत्तर कर्नाटकात हाच झगडा हरदेशी आणि नागेशी या नावांनी रंगतो. रात्र रात्र सवाल-जवाब चालावेत, एकाने कूट घालावे, दुसऱ्याने ते जागच्या जागी सोडवून उलट घालावे, आणि हरणाऱ्याची श्रोत्यांनी हुर्यो उडवावी, हा तो खेळ. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन तरुणांच्या मेळाव्यांतून जी नवी गायकी उभी राहिली, तिच्यातही दोन गायकांचे शब्दयुद्ध हा मोठा भाग आहे. एकाने दुसऱ्याचे उचलले असे कोणी समजू नये. दोन्हीकडे हाती जमीन नसलेल्या, पण जीभ धारदार असलेल्या माणसांनी ते घडविले, इतकेच साम्य पुरे आहे.

असो. आपल्या विषयाचा मुख्य अध्याय १९४६ साली बेळगावातच उघडतो. त्या वर्षी मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथे झाला. ठराव साहित्यिकांनी केला. परंतु तो जनतेच्या कानी घातला तो निराळ्याच माणसांनी. वाटेगावच्या मातंग वस्तीत १९२० साली जन्मलेले, शाळेत फारसे न गेलेले आणि मुंबईत पडेल ते काम केलेले अण्णा भाऊ साठे. बार्शीचे अमर शेख. आणि त्यांचे जोडीदार द. ना. गव्हाणकर. या तिघांचे लालबावटा कलापथक १९४४ पासून गिरणगावात गाजत होते. ४६ च्या संमेलनाच्या व्यासपीठावर त्यांना कोणी खुर्ची दिली असती काय, हा प्रश्न मनात येतो आणि त्याचे उत्तर शोधत बसावेसे वाटत नाही.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि कलापथकाच्या कार्यक्रमांनाही मज्जाव केला. अण्णा भाऊंनी त्यावर काढलेली तोड प्रसिद्ध आहे. तमाशाचे त्यांनी ‘लोकनाट्य’ केले. गणातून गणपतीऐवजी मातृभूमीला, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन होऊ लागले. कृष्ण आणि गौळणी मागे सरल्या. वगात राजाच्या जागी सावकार आणि गिरणीमालक आले. सांगाडा तोच ठेवून आतले रक्त बदलण्याची ही विद्या होती. सरकारला नाव बंद करता आले, रीत बंद करता आली नाही.

या विद्येचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे चळवळीच्या ऐन भरात रचलेली त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड. छक्कड ही फडातली चटकदार चीज. शृंगार हा तिचा नेहमीचा विषय. अण्णा भाऊंनी तीच घेतली. पोटासाठी मुंबईला निघालेला एक मजूर, मागे राहिलेली त्याची देखणी बायको, तिच्या रूपाचे सोन्यारुप्याच्या उपमांनी केलेले वर्णन, निरोपाची घडी, मग मुंबईच्या श्रीमंतीचा आणि भुकेचा देखावा. येथवर ऐकणारा आपले दुःख आठवीत बसलेला असतो, कारण गिरणगावातल्या बहुतेक श्रोत्यांची मैना कोकणात नाही तर घाटावर राहिलेली होतीच. आणि अगदी शेवटी शाहीर वळण घेतो: जी गत या मजुराची, तीच खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही दुरावलेल्या मैनेची नावे होतात.

राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ साली आला. बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका तेवढा वगळून उरलेला जिल्हा कर्नाटकाला द्यावा असे त्यात होते. अहवालातली लोकसंख्येची कोष्टके किती मराठी माणसांनी वाचली असतील? परंतु बेळगाव म्हणजे काय आणि त्याचे जाणे म्हणजे काय, हे या एका छक्कडीने कधी बेळगाव न पाहिलेल्या परळ-लालबागच्या माणसाला समजाविले. पुढे शाहीर विठ्ठल उमप यांच्या कंठातून ती दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत आली. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला अपघातात गेले. गाणे राहिले.

आता याच गाण्याविषयी थोडे अवघड बोलावयाचे आहे. त्याच्या थोरवीला त्याने बाध येईल असे मला वाटत नाही.

‘माझी मैना’त मैना बोलत नाही. तिचे रूप वर्णिले जाते, तिची आठवण काढली जाते, तिच्यासाठी जीव तुटतो. पण तिचे स्वतःचे म्हणणे काय, हे छक्कडीच्या रीतीतच बसत नाही. प्रेमगीतात हे चालून जाते. परंतु मैना म्हणजे एक प्रदेश, असे एकदा ठरले की त्या मौनाला निराळा अर्थ येतो. १९५६ नंतर महाराष्ट्राने सीमाभागाविषयी जे जे बोलले, लिहिले, गायिले, त्यातले पुष्कळसे असेच आहे. तिकडे राहिलेल्यांबद्दल आपला जीव तळमळतो. ते काय खातात, कोणत्या धुळीत काम करतात, कोणाचे कर्ज फेडतात, हे विचारण्याची सवय आपल्याला फारशी लागली नाही.

मैना प्रत्यक्षात मात्र गप्प नव्हती. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी नभोवाणीवरून मुंबईविषयीचा निर्णय जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी बेळगावात गोळीबार झाला. १७ जानेवारी हा दिवस बेळगावात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीत मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारीगडी ही बेळगावची नावे आहेत आणि निपाणीच्या कमलाबाई मोहित्यांचे नाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्या तारखेला बेळगावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळ्या दिनाची सायकल फेरी, असे दोन इतिहास एकाच शहराच्या रस्त्यांवरून जातात. १९५८ मध्ये साराबंदीचा लढा झाला. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. त्याने १९६७ साली बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे आणि निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचविले. महाराष्ट्राने ते नाकारले आणि जे जेथे होते ते तेथेच राहिले. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याची मागणी ८६५ गावांची आहे.

कोकणी वाचकांना येथे दुसऱ्या एका जानेवारीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. बेळगावात मराठी शाहीर महाराष्ट्रात जाण्यासाठी गात होते; गोव्यात उल्हास बुयांव आपल्या पथकासह गावोगाव हिंडून महाराष्ट्रात विलीन न होण्यासाठी कोकणीत गात होते. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मते पडली आणि बाजूने १,३८,१७०. गाणे तेवढ्या ३४,०२१ मतांना कारण झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्या गाण्यांवाचून तो कौल आठवताच येत नाही. विलीनीकरणाविरुद्ध लढणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीत निघत होते, ही गोष्टही विसरू नये. कलापथक, उघडे मैदान, पेटी, घोळका आणि आपल्या घरच्या भाषेत घातलेली साद: साधने दोन्हीकडे एकच. फरक इतकाच की गोव्यात ज्यांच्याविषयी गाणे होते त्यांना मत देण्यास बोलाविले गेले. बेळगाव-निपाणीच्या लोकांना असा कौल कोणी विचारला नाही. सीमाभागातल्या गाण्यात जो एक कडवटपणा उरला आहे, त्याचे मूळ मला येथे दिसते.

निपाणीच्या पोटाचा प्रश्न मात्र तंबाखूचा होता. आसपासच्या शिवारात बिडीची तंबाखू पिकते. ती निपाणीच्या वखारींत येते. तेथे ती चाळली, कुटली, निवडली जाते आणि विड्या वळणाऱ्या हातांपर्यंत पोहोचते. शेतात राबणारा शेतकरी भावासाठी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा, आणि वखारीत नाकातोंडात धूळ घेत बसणाऱ्या बहुतेक बाया. या दोघांनीही आवाज उठविला तो जवळजवळ एकाच वेळी.

१४ मार्च १९८१ ला शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडविला. चाळीस हजारांच्या आसपास माणसे रस्त्यावर बसली असे सांगतात. मराठी बोलणारे होते, कानडी बोलणारे होते; भाषेचा वाद घरी ठेवून ते तंबाखूच्या भावासाठी आले होते. चोवीस दिवस रस्ता बंद राहिला. ६ एप्रिलला गुंडूराव सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि १२ शेतकरी मेले. १७ जानेवारीचे हुतात्मे आणि ६ एप्रिलचे हुतात्मे एकाच जिल्ह्याचे. पण पहिल्यांचे पोवाडे मुंबई-पुण्यात पोहोचले तसे दुसऱ्यांचे पोहोचले नाहीत. भाषेसाठी मेलेल्या माणसाचे गाणे करणे आपल्याला सोपे जाते. भावासाठी मेलेल्याचे करताना व्यापारी कोण, अडत्या कोण, सावकार कोण हे सांगावे लागते, आणि त्यांतले पुष्कळजण आपलीच भाषा बोलणारे निघतात.

वखारीतल्या बायांची संघटना याच सुमारास बांधली गेली. निपाणीतच अध्यापन करणारे सुभाष जोशी यांनी त्या कामी पुढाकार घेतला. दोन-तीन हजार बाया संघटनेत आल्या, संपावर गेल्या, मजुरीसाठी आणि माणूस म्हणून वागविले जाण्यासाठी मालकांसमोर उभ्या राहिल्या. येथे छक्कडीतली मैना प्रथमच आपल्या तोंडाने बोलली, असे मी म्हणतो. आणि तिचे पहिले वाक्य महाराष्ट्राविषयी नव्हते, वखारीतल्या धुळीविषयी आणि हजेरीविषयी होते. जात्यावर ओवी म्हणताना मराठी बाई शतकानुशतके ‘मी’ म्हणून बोलत आलीच होती. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या आहेत. पण ओवी ऐकायला भल्या पहाटे घरातलेच कोणी जागे असेल तर असे. वखारीच्या दारात ती ऐकायला मालक होता, पोलीस होता.

आजच्या रॅपकडे मी याच बाजूने पाहतो. ब्राँक्समध्ये जन्मलेल्या या गायकीला राजकीय धार आली ती १९८२ सालच्या ‘द मेसेज’ या गाण्यापासून, असे तिचे जाणकार मानतात. त्या गाण्याचा विषय झोपडवस्तीसारख्या मोहल्ल्यातले रोजचे जगणे हाच होता. तिचा ‘मी’ हा कवीने कल्पिलेला मजूर नाही. गाणारा स्वतःच त्या गल्लीतला आहे. आपल्याकडेही हे घडू लागले आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या संचाने आरे वनाच्या प्रश्नावर २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले, तेव्हा आरेच्या पाड्यावरचे प्रकाश भोईर त्यात स्वतः गायिले. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने आदिवासींच्या हक्कांवर रॅप करते. मात्र या गायकीत एक उणीव आहे ती सांगून टाकतो. शाहिराच्या मागे झीलकरी असतात. ते ‘जी जी’ करून ओळ उचलतात तेव्हा एकट्याचे म्हणणे चौघांचे होते, आणि समोरचा श्रोताही ती झील धरतो. रॅप करणारा बहुधा एकटा असतो. त्याला ऐकणारा त्याहून एकटा, कानांत यंत्र घालून बसलेला. मैदानाची परवानगी त्याला लागत नाही हे खरे. पण मैदानही त्याला मिळत नाही. २०२३ मध्ये गुन्हे नोंदले गेले तेव्हा या दोघा तरुणांच्या बाजूने पुष्कळ बोलले गेले, परंतु ते बोलणेही बरेचसे फोनच्या पडद्यावरच झाले.

निपाणीच्या बायांना मात्र झीलकरी मिळाल्या, आणि त्या मिळाल्या सीमेच्या ‘पलीकडून’. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ या बंगळूरच्या संचाने या बायांबरोबर राहून, त्यांच्याशी विचारविनिमय करून १९८२ साली एक लघुचित्रपट तयार केला. कर्नाटकाच्या राजधानीतून आलेल्या या मंडळींनी त्याचे नाव मराठीतच ठेवले: ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. रचून ठेवलेल्या तंबाखूच्या ढिगाला आतून ऊब धरते, हे वखारीत जन्म काढलेल्या बाईला कोणी सांगावे लागत नाही. पुढे कित्येक वर्षे तो चित्रपट फारसा कोणाच्या पाहण्यात नव्हता. अलीकडे बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या चित्रपटसंस्थेच्या साहाय्याने ‘युगांतर’च्या चित्रपटांचे नव्याने जतन झाले आहे, आणि निपाणीच्या वखारीतले ते मराठी बोलणे आता देशोदेशी, भाषांतराच्या ओळींसह का होईना, ऐकू येते.